बऱ्या महिन्यांत ठरवून घ्या

पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून)

"मी सोलापूरची, वय ४७. आम्ही पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू, शाळा मराठी, म्हणून कविता मराठीत. एका शाळेत क्लार्क आहे. मिस्टरांचे टॉवेलचे माग अक्कलकोट रोड एमआयडीसीत. नऊ वर्षांपूर्वी त्यांना बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं, असा मानसिक आजार) असल्याचं निदान झालं. चढलं की झोप नाही, रात्री दोनला सुताच्या व्यापाऱ्यांना फोन, उधारीवर माल. एकदा तर नव्या मागांसाठी अ‍ॅडव्हान्स देऊन आले, ते देणं माझ्या पगारातून फिटलं. उतरलं की दोन-दोन महिने भिंतीकडे तोंड. त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू होत्या.

जानेवारीत एका कविसंमेलनात मी त्यांच्या आजारावरची कविता वाचली. दाद खूप मिळाली. कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केली, ती फिरत फिरत नणंदेकडे गेली. तिने सासूबाईंना ती तेलुगूत समजावून सांगितली. मिस्टर एवढंच म्हणाले, 'माझं दुखणं गावभर वाटलंस.' त्या दिवसापासून गोळ्या बंद. आता दीड महिना होईल. पहाटे तीनला उठतात. नणंद म्हणते, कवितेपायी घर घालवलंस. सासूबाई म्हणतात, बाहेरचं आहे. गोळी कुटून आमटीत घालू का? कविता सोडून देऊ का? खरं सांगते, त्यांच्या वाईट दिवसांतच माझी कविता चांगली होते आणि याची मला लाज वाटते. गोळ्या चालू असल्या की ते कविता ऐकतात, पण पूर्वीसारखी दाद देत नाहीत. कधी कधी वाटतं निघून जावं. जाता येतं का? एप्रिलमध्ये पंढरपूरला काव्यवाचनाचं बोलावणं आहे. जाऊ की नको?"

उत्तर

ताई,

कवितेचं नंतर बघू. पत्रातलं सगळ्यात घाईचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय : पहाटे तीनला उठतात. लिथियम एकदम बंद केलं की आजार उसळण्याचा धोका पुढच्या काही महिन्यांत फार असतो, आणि चढाची पहिली खूण बहुतेक वेळा झोपेत दिसते. माणूस तीन-चार तास झोपतो आणि तरी दिवसभर थकत नाही. फोन, उधारी, नवे माग हे सगळं त्याच्या मागून येतं. तुमच्या घरी अजून ते आलेलं दिसत नाही. म्हणून डॉक्टरांकडे याच आठवड्यात जायचं.

"आजाराचं दाखवू" म्हणालात तर ते येणार नाहीत. "झोप होत नाहीये, तेवढं विचारून येऊ" म्हणा. यात फसवणूक नाही, झोप खरंच गेलेली आहे. तरी नाही म्हणाले तर तुम्ही एकट्या जा. पेशंटची माहिती बाहेर न सांगण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे, पण घरच्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला त्यांना कुणी अडवलेलं नाही. किती वाजता झोपले, किती वाजता उठले, कुणाला फोन केले, काय खर्च केला, हे तारखांसकट एका कागदावर लिहून न्या. कवयित्री आहात, पण हा कागद क्लार्कसारखा लिहा. डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो.

नेहमीच्या डॉक्टरांची वेळ मिळत नसेल तर सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. रात्री कुणाशी बोलायची गरज पडली तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. तिथे तेलुगूतही बोलता येतं, तेव्हा तो सासूबाईंच्याही उपयोगाचा आहे. मरणाची भाषा निघाली, दोन-दोन दिवस झोपच नाही असं झालं, तर वाट न बघता सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत न्या. अंगावर हात आला तर ११२ फिरवा. आजारी माणसाला माफ करायचं की नाही ते नंतर ठरवता येईल, मार खाऊन थांबायचं नाही.

गोळी आमटीत घालायची नाही. हे तुम्ही विचारलंत म्हणजे हतबलता कुठवर आली आहे ते कळतं. पण लिथियमचं प्रमाण रक्तात मोजून ठेवावं लागतं. साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) च्या आसपास ते ठेवतात, १.५ च्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. आमटी अर्धी वाटी खाल्ली की दोन वाट्या, यावर ते सोडता येत नाही. शिवाय एक दिवस त्यांना कळणार. मग ते गोळीही घेणार नाहीत आणि तुमच्या हातचं जेवणारही नाहीत. दीड महिना बंद असलेला जुना डोस त्यांनी किंवा तुम्ही आपल्या मनाने सुरू करायचा नाही, तेही डॉक्टरांना विचारूनच.

आणि पुन्हा लिथियम सुरू झालं, तर सोलापूरचा उन्हाळा लक्षात ठेवा. हे चिठ्ठीवर कुणी लिहून देत नाही. लिथियम हा क्षार आहे. घामावाटे अंगातलं पाणी आणि मीठ गेलं की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकायचं कमी करतं आणि तोच नेहमीचा डोस रक्तात जास्त होऊन बसतो. एप्रिल-मे महिन्यात ४२-४३ अंशांत, पत्र्याच्या शेडखाली, मागांच्या धडधडीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाला हा धोका खरा आहे. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ नेहमीइतकं. कुणाच्या सांगण्यावरून बीपीसाठी मीठ एकदम तोडायचं नाही. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून खायचं नाही, त्याने लिथियमची पातळी वाढते. बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचंही तेच, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तरी लिथियम चालू असल्याचं आधी सांगा. हात जोरात थरथरायला लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि लिथियमची पातळी तपासा. एरवीही ही तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी. सोबत थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन.

थायरॉइडवरून आठवलं. गोळ्या चालू असल्या की ते पूर्वीसारखी दाद देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ती ओळ मी पुन्हा वाचली. नऊ वर्षं गोळ्यांचा हट्ट धरणाऱ्या बाईला मनातून गोळ्यांआधीचा माणूसही हवा असतो, हे त्यात दिसतं. तुमचा पहिला श्रोता तोच होता ना? वही हातातून ओढून घेणारा, भरल्या घरात मोठ्याने वाचून दाखवणारा? त्यातलं थोडं त्याचं प्रेम होतं आणि थोडा चढता आजार होता, आणि कुठलं किती हे तुम्हाला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं, त्यांच्याही हे लक्षात आलेलं असणार. गोळी घेतली की बायको सुखावते, पण तिचे डोळे जुन्या नवऱ्याला शोधत राहतात. गोळ्या सोडण्यामागे कविता हे एक कारण असेल. हे दुसरं.

त्यावर थोडं तरी करता येतं. लिथियममुळे काही जणांचं थायरॉइड मंदावतं, आणि ते मंदावलं की माणूस सुस्त, निरस, कशातच रस नसलेला होतो. घरच्यांना वाटतं गोळ्यांनी माणूस विझवला. साधी रक्ततपासणी आणि थायरॉइडची गोळी यांनी बराच फरक पडू शकतो. थायरॉइड ठीक निघालं तरी "यांना काही वाटतच नाही" ही तक्रार डॉक्टरांसमोर मांडा. डोस बदलून बघता येतो, औषधंही दुसरी आहेत. बऱ्याच बायका "शांत आहेत ना, मग पुरे" म्हणून हे बोलतच नाहीत.

आता तुमच्या घरातल्या मुख्य चुकीकडे येते. तुम्ही सगळे निर्णय वाईट दिवसांत घेताय. चढ आला की पैशावरून भांडण, उतार आला की डॉक्टरवरून रडारड, आणि मधले चार-सहा महिने बरे गेले की कुणी काही बोलायचं नाही, कारण बोललं तर नजर लागेल. सोलापुरात काय, सगळीकडे हेच. पण त्या मधल्या महिन्यांत तुमच्या घरात दोन धडधाकट, समजूतदार माणसं असतात. नऊ वर्षांत त्या दोघांनी बसून काय ठरवलं? पत्रावरून तरी काहीच नाही असं दिसतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने नेमकी हीच सोय केली आहे. माणूस निर्णय घेण्याच्या स्थितीत असताना, पुढे आजार बळावला तर माझ्यावर कसे उपचार करावेत आणि कसे करू नयेत, हे आगाऊ लिहून ठेवू शकतो. आपल्या वतीने कोण बोलणार, तो नामनिर्देशित प्रतिनिधीही नेमू शकतो. या नेमणुकीला साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. उद्या त्यांना स्वतःचं भान राहिलं नाही आणि दवाखान्यात ठेवावं लागलं, तर या प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. कुणाला नेमलंच नसेल तर जबाबदारी नातेवाइकांवर येते. म्हणजे तुमच्यावर. किंवा नणंदेवर, आणि मग तुमच्या दोघींचा सामना रंगेल.

माझं मत विचाराल तर तो प्रतिनिधी तुम्ही होऊ नका. त्यांचा एखादा जुना मित्र असेल, भाऊ असेल, ज्याच्यासमोर ते शर्टाची बटणं नीट लावून बसतात असा कुणी, त्याचं नाव त्यांना सुचवू द्या. निवड त्यांचीच हवी. नऊ वर्षं तुम्ही बायको, नर्स, वसुली अधिकारी आणि पोलीस अशा चार नोकऱ्या करताय. दाखल करण्याची सही दुसऱ्याची असली, तर परत आल्यावर त्यांना राग धरायला दुसरा माणूस मिळतो, आणि तुमच्याकडे बायकोची नोकरी तरी शिल्लक राहते.

पैशाचंही त्याच बैठकीत उरकून घ्या. चालू खात्यावर दोघांच्या सह्या, मोबाइलवरून पैसे पाठवायची मर्यादा कमी, आणि नेहमीच्या दोन-तीन सूतवाल्यांना त्यांनी स्वतः सांगून ठेवायचं की अमुक रकमेवरची ऑर्डर रात्रीच्या फोनवर घ्यायची नाही. स्वतः, तुम्ही नाही. धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला सांगितलं की त्यात अब्रू जात नाही. आणि मेडिक्लेम असेल तर बघून घ्या, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला हाच कायदा सांगतो.

आता कविता.

सोडू नका. नणंदेसाठी नाही, नवऱ्यासाठी नाही, डॉक्टरांनी सांगितलं तरी नाही. कवितेमुळे बायपोलर होत नाही. निदान नऊ वर्षांपूर्वीचं आहे, कविता या जानेवारीतली. नणंदबाईंना एवढं गणित येत असेलच.

पण मिस्टरांचं वाक्य मी नणंदेच्या वाक्याबरोबर मोजणार नाही. "माझं दुखणं गावभर वाटलंस" हे आजारी माणसाचं बरळणं नाही. तो ज्या बाजारात उधारीवर सूत घेतो, त्याच बाजारात त्याच्या गोळ्यांचं नाव मोबाइलवर फिरलं. त्याला लाज वाटली. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटली असती. त्याच्या प्रत्येक रागाला आजाराच्या खात्यात टाकायची सवय घरच्यांना लागते, तुम्हालाही लागली असेल. हा राग त्या खात्यात टाकू नका.

तुम्ही म्हणाल, बायका हे कायमच बोलत आल्या. जात्यावरच्या ओव्यांत सासू आहे, दीर आहे, दारू पिणारा नवरा आहे. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी तर नवऱ्याने केलेली मारहाण अभंगांत सांगून ठेवली. खरं आहे, आणि ते त्यांनी केलं म्हणून आपल्याला आज तोंड आहे. फरक एवढाच की जात्यापाशी ऐकायला शेजारीण असायची, ती स्वतःही तेच भोगत असायची. माइकसमोर अडीचशे लोक बसतात आणि त्यातले वीस जण रेकॉर्डिंग करत असतात. आणि दुसरं, मारणाऱ्याबद्दल बोलणं आणि आजारी असलेल्याबद्दल बोलणं सारखं नाही. मारणाऱ्याची परवानगी लागत नाही.

तेव्हा लिहिणं आणि वाचून दाखवणं यांच्यात एक दार बसवा. वहीत सगळं लिहा, अगदी सगळं, क्रूर असेल तेही. बाहेर काढताना मात्र बघा की यातलं माझं काय आणि त्यांचं काय. तुमची जागरणं, तुमची भीती, पगाराच्या दिवशी पोटात पडणारा खड्डा, हे तुमचं आहे. यासाठी कुणाला विचारायचं नाही. निदानाचं नाव, गोळ्यांचं नाव, वॉर्डात ते जे बोलले ते, हे त्यांचं आहे. ते बरे असताना कविता त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा. "ही ओळ नको" म्हणायचा हक्क त्यांना द्या. "ही कविताच नको, लिहूच नको" म्हणायचा हक्क देऊ नका. या दोन हक्कांतला फरक ते बरे असताना त्यांना कळेल असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. जो माणूस कधीकाळी तुमची वही ओढून वाचत होता, त्याला ओळींचं मोल माहीत असणार.

याच आठवड्यात एक काम करा. ती क्लिप ज्या ज्या ग्रुपवर आहे असं तुम्हाला ठाऊक आहे, तिथे स्वतः फोन करून काढायला सांगा. सगळीकडून निघणार नाही. पण "मी सांगितलंय" हे त्यांना सांगता येईल. माफी मागायची ती क्लिपसाठी, कवितेसाठी नाही, आणि डॉक्टरांचा विषय त्याच बसण्यात काढायचा नाही. नाहीतर माफी म्हणजे गोळी गिळवण्याची युक्ती ठरते, आणि ते बरोबर ओळखतील.

वाईट दिवसांतच कविता चांगली होते, याची लाज. ताई, वाईट दिवसांत तुम्ही रात्री दोनला जाग्या असता, घर झोपलेलं असतं, टीव्ही बंद असतो आणि कुणी चहा मागत नाही. बऱ्या महिन्यांत तुमची रात्र भांडी, डबे आणि शाळेच्या बिलांत जाते. त्यांच्या दुःखावर तुम्ही जगत नाही, तुम्हाला फक्त तेव्हाच वेळ मिळतो. बऱ्या महिन्यांत आठवड्यातले दोन तास वहीसाठी राखून बघा. तुमच्याकडे हिराचंद नेमचंद वाचनालय आहे, तिथे जाऊन बसा, घरी बसलात तर उठवतील. तरीही बऱ्या महिन्यांतली कविता कच्चीच निघाली तर निघू दे. दुःखाशिवाय कविता नाही आणि वेडाशिवाय प्रतिभा नाही असल्या गोष्टी संमेलनाच्या भाषणात ऐकायला बऱ्या. त्या ऐकून गोळ्या सोडणारे लोक असतात, म्हणून मला त्यांचा राग येतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. बाहेरचं असो की आतलं, नवस करायचा तर करू दे, सिद्धेश्वराला जायचं तर तुम्हीच घेऊन जा. अट एकच : देवाच्या नावावर गोळीची वेळ चुकवायची नाही आणि कुठल्या बाबाच्या दरबारात त्यांना बसवायचं नाही.

निघून जाण्याबद्दल. जाता येतं. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण नुसतं निदानाचं नाव पुरत नाही. आजार असा आणि इतका हवा की त्या माणसाबरोबर राहण्याची अपेक्षा करणंच वाजवी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. गोळ्या चालू असताना माग चालवणारा माणूस त्यात सहज बसणार नाही. पण कोर्टात न जाताही वेगळं राहता येतं, आणि वेगळं राहूनही त्याची काळजी घेता येते. सल्ला हवा असेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बायकांना तिथे वकील मोफत मिळतो. विचारून आलात म्हणून लगेच जावं लागत नाही. रस्ता माहीत असलेली बाई घरात वेगळ्या तऱ्हेने वावरते.

राहिलात तरी मला तुमचं कौतुक करायचं नाही. सावित्रीचं नाव तुम्हाला लोक देतीलच, घेऊ नका. राहायचं तर ठरवून राहा, वर सांगितलेली बैठक झाल्यावर. ते बरे असताना त्या बैठकीलाच बसायला तयार नसतील, दोन-तीनदा विचारूनही, तर मात्र मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

पंढरपूरला जा. सोलापूरहून लांब नाही. एसटीने दीड-दोन तास, रात्री परत येता येईल. तोवर ते डॉक्टरांकडे गेलेले नसतील आणि झोप तशीच असेल, तर त्या संध्याकाळी घरी त्यांच्या भरवशाचं कुणीतरी बसवून जा, नणंद सोडून. जानेवारीतली ती कविता वाचू नका. बाकीच्या वाचा, नऊ वर्षांत दुसऱ्या झाल्याच असतील. मानधन मिळालं तर ते तुमच्या खात्यात भरा, सुताच्या बिलात नको.